घाण करंट आणि हरदासकाकांचे कान

आमच्या बैठकीतले किस्से ॲम्प्लिफायरच्या मागच्या वायरींसारखे आहेत. मुद्दाम कोणी वाढवत नाही. आज एक येते, दिवाळीत दुसरी येते, आणि एक दिवस साफसफाईला हात घातला की कळतं, कोणती कशाला जोडली आहे हे आता कोणीच सांगू शकणार नाही! त्यातल्या काही मी इथे सोडवून ठेवते आहे.

बैठक म्हणजे रविवारी सकाळी हरदासकाकांच्या हॉलमध्ये जमणारी चार टाळकी. काका महसूल खात्यातून निवृत्त झालेले, माझ्या बाबांचे जुने मित्र. नागपुरातल्या गाणं ऐकणाऱ्या मंडळींत त्यांना 'कानवाले हरदास' म्हणतात. कोणी नवा स्पीकर घेतला की आधी काकांना नेऊन ऐकवायचा, त्यांनी मान डोलवली की मगच पेढे वाटायचे, अशी पद्धत. दुसरे नामदेवभाऊ. भिवापूरला त्यांची मिरचीची शेती आहे, आणि गाण्यासाठी ते दर रविवारी गाडी हाकत शहरात येतात. तिसरे गुप्ताजी, सदर बाजारात त्यांचं ऑडिओचं दुकान आहे. चौथी मी. परदेशात ध्वनिशास्त्र शिकून परत आले, विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते, आणि आपल्या गावातल्या माणसांनी खरं तेच ऐकावं, असं मला मनापासून वाटतं. काकू, म्हणजे शैलाकाकू, बैठकीच्या सदस्य नाहीत. पण तर्री-पोहे त्या करतात, त्यामुळे अध्यक्ष त्याच.

गेल्या वर्षापासून काकांची एक तक्रार सुरू झाली. आवाजावर धूळ बसली आहे म्हणायचे. तंबोऱ्याची जवारी, ती बारीक झणझण, पहिल्यासारखी येत नाही, तबल्याच्या चाटेची धार गेली. काकूंचं म्हणणं, जे गेलं ते यांच्या कानातून गेलं. कुकरच्या शिट्ट्या यांना ऐकू येत नाहीत, दाराची बेल ऐकू येत नाही. एकदा फाटकाबाहेर मागून आलेली ई-रिक्षा काकांच्या बाहीला घासून गेली, हॉर्न वाजवत वाजवत. तेव्हापासून काकूंनी ध्यास घेतला की यांनी धंतोलीत, दवाखान्यांच्या वस्तीत, कानाच्या डॉक्टरकडे जायचंच.

काका म्हणाले, "ई-रिक्षाले आवाजच नसते, तर ऐकू काय? माझ्या कानाले काही नाही झालं. करंट घाण आहे."

म्हणजे फ्रिज, मिक्सर, चार्जर, एलईडी दिवे, सगळे मिळून विजेच्या लाइनीत कचरा टाकतात आणि तो गाण्यात मिसळतो. यात थोडं तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण काकांना त्यात पूर्ण सुटका दिसली. करंट घाण निघाला तर कान साफ! आणि करंट धुवायला लागणारं सगळं सामान गुप्ताजींच्या दुकानात होतं.

*

सगळ्यात आधी फ्यूज आला. परदेशी. बोटाच्या पेराएवढा, मखमली डबीत, साखरपुड्याच्या अंगठीसारखा. त्यावर बाण काढलेला होता. करंट बाणाच्या दिशेनं गेला तर आवाज मोकळा येतो, उलटा गेला तर कोंडतो, असं त्याच्या डबीवर लिहिलेलं.

मी सगळ्यांना समजावून सांगितलं की घरातला करंट एका दिशेनं जातच नाही. तो पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो, डोळ्याची पापणी लवेपर्यंत कितीतरी वेळा. त्याला बाण दाखवून काय उपयोग?

मला वाटलं, पटलं. गुप्ताजींनी फ्यूज खिडकीच्या उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, लेकिन जाते टाइम तो सीधा जायेगा ना?"

फ्यूज बसला.

*

मग वायरींचे स्टँड. चिनी मातीचे, पांढरेशुभ्र, वर एक खाच. वायर फरशीला टेकली की फरशीतली कसली कसली वीज तिच्यात शिरते, म्हणून ती उचलून धरायची. काकांच्या हॉलमधून वायरी अशा निघाल्या जशी काही त्यांना जमिनीला पाय लावायची बंदी आहे. उरलेल्या स्टँडचं खोकं कपाटात गेलं.

संक्रांतीला काकूंच्या हळदीकुंकवाला अंदाजापेक्षा जास्त बायका आल्या. वाण संपलं. आता काय लुटायचं? काकूंनी कपाट उघडलं, खोकं दिसलं. उदबत्तीची घरं समजून त्यांनी ती वाटून टाकली. बायका इतक्या खूश झाल्या की काहींनी जावेसाठी आणखी एक मागून नेलं.

काका घरी आले तेव्हा हॉलमधल्या वायरीसुद्धा जमिनीवर होत्या. शेवटी शेवटी तेही स्टँड कामाला आले होते.

"अवं, ते वायरीचे होते," काका म्हणाले.

"मग सांगायचं होतं. सगळ्या विचारत होत्या, इतकं सुबक वाण कुठून आणलं. मी तुमचंच नाव सांगितलं."

वाण परत मागता येत नाही. काका आठवडाभर गल्लीतून मान खाली घालून जायचे आणि दरवेळी कोणीतरी गच्चीवरून ओरडून वाणाबद्दल आभार मानायचं. ते त्यांना ऐकू यायचं की नाही, माहीत नाही.

पुढच्या रविवारी नामदेवभाऊंना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते भोळेपणानं म्हणाले की आज आवाज जरा मोकळा वाटून राहिला.

काकांनी खिडकीतून गल्लीकडे पाहिलं. "वाटणारच ना बाप्पा. गल्लीभर स्टँड लागले. पूर्ण लाइनच उचलल्या गेली."

*

नामदेवभाऊंचा स्वतःचा किस्सा मातीचा आहे. गुप्ताजींनी अर्थिंगचा एक लाकडी डबा आणला. त्याची एक वायर ॲम्प्लिफायरला जोडायची, मग लाइनीतला कचरा डब्यात जाऊन मुरतो. आत काय आहे असं विचारलं तर गुप्ताजी म्हणाले, खास खनिजं आहेत, कंपनीचं गुपित आहे.

गुप्ताजी फोनवर बोलायला बाहेर गेले. नामदेवभाऊंनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. आत भुरकट, खडेदार असं काहीतरी भरलं होतं. त्यांनी चिमूटभर घेतलं, बोटांत चोळलं, नाकाला लावलं आणि डबा जसाच्या तसा बंद करून टाकला.

"बरडाची माती आहे," ते मला म्हणाले. "यात तूर बी नाही होणार."

पुढच्या रविवारी ते सोनपापडीच्या रिकाम्या डब्यात स्वतःच्या वावरातली काळी माती भरून घेऊन आले. त्यात तांब्याचा एक खिळा खुपसलेला. दोन्ही डबे आलटून पालटून लावले. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला की परदेशी डब्याचा आवाज कोरडा आहे, भिवापूरच्या आवाजात ओलावा आहे.

मी म्हटलं, ओलावा मातीत आहे, भाऊंनी सकाळी पाणी घातलं आहे तिच्यात! माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. नामदेवभाऊंना तर इतका आनंद झाला की त्यांचाही त्या मातीवर विश्वास बसला.

निघताना गुप्ताजी भाऊंच्या गाडीपाशी घुटमळले. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाले, "भाऊ, ये मिट्टी... ट्रॅक्टर में कितनी आती है?"

*

मे महिन्यात काकांना शोध लागला की सगळ्यात जास्त घाण कूलरची मोटर करते. या वेळी शोध बरोबर होता. मी तसं प्रामाणिकपणे सांगितलं आणि पस्तावले, कारण काकांनी उठून कूलरच बंद केला.

नागपूरच्या बाहेर राहणाऱ्यांना मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. आम्ही ओले दुपट्टे डोक्यावर घेऊन बसलो. ख्याल विलंबित होता. गवयाला कसलीच घाई नव्हती.

थोड्या वेळानं नामदेवभाऊ पुटपुटले, "काका, एकदम साफ ऐकू येऊन राहिलं. फक्त कोण गाऊन राहिलं ते नाही समजून राहिलं."

तेवढ्यात काकू आतून आल्या. कोणाला काही न विचारता त्यांनी बटन दाबलं. कूलर घरघरू लागला आणि आमच्या जिवात जीव आला. काकूंनी दारातूनच काकांना विचारलं की चहा देऊ की पन्हं.

काका प्रसन्नपणे म्हणाले, "भैरवी."

आम्ही सगळे हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पन्हं आणलं आणि काकांच्या हातात भांडं देताना जरा जास्त वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

*

त्यानंतर मी गंमत पाहणं सोडलं आणि मीटर घेऊन आले. लाइनीतला कचरा मोजणारं, छोटंसं यंत्र. सॉकेटला लावलं तर आकडा चांगलाच वर गेला.

गुप्ताजी उभे राहिले. म्हणाले, मॅडमच्या मीटरनंच सिद्ध केलं. ते तसेच दुकानात गेले आणि त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा माल, करंट शुद्ध करणारा डबा, ट्रायलसाठी घेऊन आले. गॅसच्या सिलिंडरएवढा जड. डब्याच्या सॉकेटला मीटर लावलं, आकडा झपकन खाली आला. टाळ्या!

मी म्हटलं, थांबा. लाइन साफ झाली, पण गाणं बदललं का? ॲम्प्लिफायरमधला पॉवर सप्लाय हा कचरा स्वतःच गाळतो, तेच तर त्याचं काम आहे. मी स्पीकरकडे जाणारा सिग्नल मोजला, एकदा डब्यातून, एकदा थेट. लॅपटॉपवर दोन रेषा आल्या, एकीवर एक, तंतोतंत. मी स्क्रीन काकांसमोर धरला.

काकांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. "रेषा सुंदर आहेत. पण तुझ्या मीटरनं आयुष्यात कधी मारवा ऐकला आहे काय?"

मग मात्र मी पेटले. पोहे निवेपर्यंत बोलले. काय बोलले ते थोडक्यात असं की माणसाच्या कानाआधी त्याचे डोळे ऐकतात. डबा दिसला की आवाज सुधारतो, माझाही सुधारतो, त्यात लाज नाही. म्हणून तिकडे आम्हाला एकच गोष्ट शिकवली: डोळे बांधा, डबा लावला की नाही ते सांगू नका, आणि मग विचारा.

"म्हंजे आंधळी कोशिंबीर," नामदेवभाऊ म्हणाले. परदेशातल्या त्या थोर पद्धतीचं आमच्या बैठकीत तेव्हापासून हेच नाव आहे.

काकू ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "यांनी बरोबर ओळखलं तर मी पुन्हा डॉक्टरचं नाव काढणार नाही. नाही ओळखलं तर धंतोली."

"मंजूर," काका म्हणाले.

घरी जाताना माझ्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. डबा हरला असता तर त्याच्याबरोबर 'कानवाले हरदास' हरले असते, तेही गुप्ताजींसमोर, म्हणजे अख्ख्या सदरसमोर. मी काकांना फोन करून म्हटलं, राहू देऊ या, गंमत म्हणून बोलले मी.

"काहून वं? तुले भीती वाटून राहिली काय?"

*

आंधळ्या कोशिंबिरीची सुरुवात वाईट झाली. काकांच्या डोळ्यांवर बांधायला नामदेवभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा दिला. तो आठवडाभर मिरचीच्या पोत्यांवर वाळत पडलेला होता. काका उठून नळाकडे धावले. अर्ध्या तासानं, डोळे निवल्यावर, काकूंनी धुतलेला पंचा बांधून नव्यानं सुरुवात केली.

मांडणी माझी होती आणि मला तिचा अभिमान होता. ॲम्प्लिफायर दाराशी सरकवला, त्याच्याशेजारी काकांची नेहमीची खुर्ची. वायर पडद्याखालून आतल्या खोलीत. तिथे भिंतीवरच्या बोर्डात साधा सॉकेट, आणि डबा जड म्हणून खाली फरशीवर. काकू आत एकट्या. त्यांनी दरवेळी वायर काढायची, नाणं उडवायचं, छापा पडला तर डब्यात लावायची, काटा पडला तर भिंतीत, आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खूण करायची. हॉलमध्ये कोणालाच काही माहीत नाही, मलाही नाही. काकांना खूण होईल असं काही कोणाच्या तोंडून निसटायचीही भीती नव्हती.

पंखे बंद. दर खेपेला तेच गाणं, तोच तुकडा, तंबोऱ्यावर पहिला षड्ज.

काका मान खाली घालून बसले होते. मी त्यांना असं ऐकताना कधी पाहिलं नव्हतं. एरवी ते हातानं ताल धरतात, वा म्हणतात, आम्हाला गप्प बसवतात. आज हात मांडीवर, बोटंसुद्धा हलत नव्हती.

"डबा," ते म्हणाले. पुढच्या खेपेला, "भिंत." मग पुन्हा, "भिंत." मग, "डबा." काही वेळा तर गाणं सुरू व्हायच्या आधीच त्यांची मान हलायची.

काकू कॅलेंडर घेऊन बाहेर आल्या. मी काकांची उत्तरं वाचत गेले, त्या खुणा पाहत गेल्या. एकही चुकलं नव्हतं.

गुप्ताजींनी नामदेवभाऊंना मिठी मारली. मग काकांचे पाय धरले. मग दुकानात फोन लावला. नामदेवभाऊ मला समजावत होते की पोरी, शिकलेलं वाया नाही जात, दुसरीकडे कामा येईल. काकूंनी कॅलेंडरची गुंडाळी केली, "बरं झालं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला नाही. त्या नुसत्याच ओट्यापाशी उभ्या होत्या.

"मॅडम, अब तो मान लो," गुप्ताजी म्हणाले.

मी मानलं. निकाल आवडला नाही म्हणून नाकारायचा नसतो, हेही मी तिकडेच शिकले होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं की माझ्या रेषा चुकल्या, काकांचे कान बरोबर आहेत, आणि का ते मी शोधून काढीन.

काका मला सोडायला फाटकापर्यंत आले. एरवी ते खुर्चीतून हात हलवतात. फाटक उघडलं, आणि मग स्वतःच पुन्हा लावून घेतलं.

"त्या डब्याचं मले काहीच ऐकू नाही आलं वं," ते म्हणाले.

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. "मग दरवेळी बरोबर कसं सांगितलंत?"

काकांनी मागे वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"डबा जमिनीवर होता ना. ती वाकली का तिचा उजवा गुडघा वाजते."

एक ई-रिक्षा आमच्या समोरून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत काका तिच्याकडे पाहत राहिले.

"धंतोलीत दोघांचे नंबर लावून ठेव," ते म्हणाले. "पहिला तिचा लाव."